गुरुवारच्या पुऱ्या आणि नवी पिकअप

जुनी पिकअप माजिवड्याच्या पुलाच्या चढणीला बंद पडली, तेव्हा तिच्यात वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याचं दुपारचं जेवण होतं. गाडी चालवणाऱ्या माझ्या दिरांचा फोन आला.

"वहिनी, हिने मान टाकली."

"धूर येतोय का?"

"धूर नाही, वाफ. आणि मागचा डंपरवाला माझ्या सगळ्या घराण्याची चौकशी करतोय."

ओळखीच्या दोन टेम्पोवाल्यांना फोन लावले, एकाने उचलला. पुलावरच भाताचे टोप आणि डाळीचे डबे या गाडीतून त्या गाडीत गेले. जेवण पोचलं, पण सुट्टी संपत आल्यावर. लोकांनी घास चावले नाहीत, गिळले, आणि भोंगा होताच मशीनवर गेले. संध्याकाळी कारखान्याच्या अधिकाऱ्यांचा फोन आला. हे गृहस्थ कधीच आवाज चढवत नाहीत, त्यामुळे ते बोलायला लागले की मी उभी राहते.

"मॅडम, आज मी सांभाळून घेतलं. पुन्हा झालं तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल. तुमच्या गुरुवारच्या पुऱ्या आमच्या माणसांना आवडतात, म्हणून फोन करतोय."

आमचं स्वयंपाकघर डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका गाळ्यात आहे. खरेदी नवरा बघतो, गाडी दीर बघतात, बाकी सगळं मी. कोलशेतच्या दोन ऑफिसांचं जेवण आहे, पण तिथली माणसं कधी घरून काम करतात, कधी पिझ्झा मागवतात, त्यांचा भरवसा धरता येत नाही. गाळा चालतो तो वागळेच्या कारखान्यावर. तो गेला तर स्वयंपाकघरातल्या चौघींपैकी दोघींना 'उद्यापासून येऊ नका' असं सांगावं लागणार होतं, आणि ते सांगायचं काम माझंच असणार, हे मला पक्कं माहीत होतं.

पुऱ्यांचं एवढं कौतुक का, तेही सांगते. आमच्या आधीचा कंत्राटदार पुऱ्या तळून आणायचा आणि त्या पोचेपर्यंत ओल्या रुमालासारख्या व्हायच्या. आम्ही दर गुरुवारी गॅस सिलिंडर, शेगडी, कढई आणि मळलेली कणीक गाडीत घालून नेत होतो आणि कॅन्टीनच्या मागच्या शेडमध्ये तिथल्या तिथे तळून वाढत होतो. केटरिंगमधले बरेच जण असंच करतात.

खोपटच्या एसटी डेपोमागे आमचा नेहमीचा गॅरेजवाला आहे. त्याने जुन्या पिकअपचं बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि परत लावून टाकलं. "हिला आता आराम द्या," म्हणाला. म्हणजे नवी गाडी घ्यायची, आणि ती लवकर घ्यायची, कारण तोवर भाड्याचा टेम्पो येईल तेव्हा येणार होता.

मला प्रश्न सुटा करून लिहायची सवय आहे. मी फ्रिजवर कागद लावला. आमची गाडी रोज कुठून कुठे जाते. त्यातला किती वेळ ती चालते आणि किती वेळ नुसती उभी असते. तेवढ्यात कुठे काय भरता येतं. टोप किती मावतात. या चार ओळी नीट भरल्या असत्या तर डिझेल की सीएनजी हे ठरवायला एक संध्याकाळ पुरली असती. आमच्याकडे दिवाळीची साफसफाई होऊन गेली, तरी ठरत नव्हतं.

कारण नवऱ्याने मतदान घेतलं.

त्याचं स्वतःचं मत पहिल्या दिवशीच झालं होतं. "पिकअप म्हणजे डिझेल. यात विचार काय करायचा?" पण आपलं मत बरोबर आहे हे दुसऱ्याकडून ऐकल्याशिवाय त्याला झोप लागत नाही. त्याने केस कापणाऱ्याला विचारलं. सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलं, ज्यांच्याकडे आयुष्यात स्कूटर सोडून काही नव्हतं. वाण्याला विचारलं. प्रत्येकाला मत होतं आणि ते लांबलचक होतं. सेक्रेटरी म्हणाले, सीएनजीच्या गाडीला दम नसतो. वाणी म्हणाला, डिझेलवर कधी बंदी येईल सांगता येत नाही. केस कापणारा म्हणाला, इलेक्ट्रिक घ्या. नवरा रोज एक नवं मत घेऊन घरी यायचा आणि माझ्या कागदाखाली पेन्सिलीने लिहायचा. माझ्या कागदाखाली!

"अहो, यांच्यातला एक तरी माणूस डोंबिवलीहून वागळेला भात घेऊन गेलाय का कधी?"

"अगं, अनुभव असतो लोकांना."

"कशाचा?"

"जनरल."

दिरांना विचारावं, तर ते आणखी पुढचे. गाडी रोज त्यांनीच चालवायची, क्लच त्यांनीच दाबायचा. मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही सांगा." ते म्हणाले, "वहिनी, मला काय, जी द्याल ती चालवीन." हे ऐकायला फार गोड वाटतं. निर्णय घेताना याचा उपयोग शून्य.

शोरूमला आम्ही तीन वेळा गेलो. तिथल्या विक्रेत्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "मॅडम, रनिंग किती?" मी सांगितलं की रनिंग थोडं, स्टँडिंग जास्त. तो हसला. पहिल्या भेटीत म्हणाला, तुमच्यासारख्यांनी सीएनजीच घ्यावी. दुसऱ्या भेटीत म्हणाला, खरं सांगू का, डिझेलच घ्या. मधल्या काळात काय बदललं होतं? त्यांच्या आवारात डिझेलच्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या होत्या.

पण त्याच दुसऱ्या भेटीत त्याने एक कामाची गोष्ट सांगितली. आजकालच्या डिझेल गाड्यांना धुराची काजळी अडवणारी एक जाळी असते. सतत हळू, थांबत थांबत गाडी चालली की ती तुंबते आणि समोर दिवा लागतो. मग गाडी मोकळ्या रस्त्यावर थोडा वेळ एका वेगात न थांबता पळवायची, की काजळी जळून जाते.

"मोकळा रस्ता," मी म्हटलं. "कुठला?"

"हायवे, मॅडम."

"आम्ही कल्याण-शीळ रस्त्यावरचे. माणकोलीच्या पुलावरून गेलो तरी पुढे माजिवड्याची कोंडी आहे. न थांबता एका वेगात जायला आम्ही जायचं कुठे, नाशिकला?"

"रविवारी सकाळी फेरी मारून यायची," तो म्हणाला. नवऱ्याने मान डोलावली, जणू रविवारी सकाळी जाळी जाळायला फेरी मारणं हा त्याचा जुना छंदच होता.

घरी येऊन मी कागदावर डिझेलसमोर फुली मारली. नवऱ्याने ती फुली बघितली आणि इतके दिवस पोटात ठेवलेलं शेवटी बाहेर काढलं.

"आणि गणपतीला गावाला कशी न्यायची?"

आमचं गाव गुहागरकडे. दर वर्षी गणपतीला गाडी गावाला जाते, तिच्यात तांदळाच्या गोणी, मखराचं सामान, कुणाची तरी शिलाई मशीन, कुणाचा तरी जुना फ्रिज आणि वर ताडपत्रीखाली बसलेली पुतणी-भाचरं. मग कशेडी, मग परशुराम घाट. आणि गावात आमची गाडी आली की ती आमची राहत नाही, वाडीची होते.

"वर्षातून एकदा जाते गाडी गावाला," मी म्हटलं.

"शिमग्यालाही जाते."

"बरं, दोनदा. उरलेलं वर्ष ती माजिवड्याला उभी असते. आपण गाडी परशुराम घाटासाठी घेतोय की माजिवड्यासाठी?"

"तिकडे सीएनजी मिळायची मारामार. रांगेत उभे राहू गणपती घेऊन?"

त्याने लगेच गावाकडच्या चुलतभावाला फोन लावला. हा आंब्याच्या पेट्या वाहतो, स्वतःची पिकअप आहे. फोन स्पीकरवर होता. चुलतभाऊ म्हणाला, "दादा, डोळे मिटून डिझेल घे. घाटात उतरून ढकलायची आहे का गाडी?" मग म्हणाला, "आणि काय रे, पुढच्या वेळी येताना आमचा पंखापण आणशील ना?"

मी त्यांचं बोलणं होऊ दिलं. मग एवढंच म्हटलं की, गणपतीला भाड्याची गाडी करू, घाटातली, डिझेलची, हवी तेवढी दमदार. पण वागळेचं जेवण पुन्हा उशिरा गेलं तर गणपतीला गावाला न्यायला आपल्याकडे तांदळाची गोणीसुद्धा नसेल. दीर म्हणाले, "वहिनीचं बरोबर आहे." मी त्यांच्याकडे बघितलं. इतके दिवस कुठे होतं हे?

तर सीएनजी घेतली. पेट्रोलची छोटी जोडटाकी असलेलं मॉडेल लहान होतं, त्यात आमचे टोप मावत नव्हते. म्हणून नुसत्या सीएनजीवर चालणारी मोठी घेतली. पांढरी. नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं, दिरांनी समोर तोरण बांधलं. गाडी आवाज करत नव्हती, थरथरत नव्हती, वास येत नव्हता. पहिल्या आठवड्यात जेवण रोज वेळेच्या आधी पोचलं. मी फ्रिजवरचा कागद काढून टाकला.

दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी संध्याकाळी दीर सीएनजी भरायला गेले, तर पंपावर प्रेशर नव्हतं. अर्धा तास रांगेत उभं राहून टाकी जेमतेम पावशेर भरली. दुसऱ्या पंपावर रांग रस्त्यापर्यंत आलेली. ते परत आले. म्हणाले, "उद्या जाता जाता भरू." डिझेलच्या गाडीत आम्ही वर्षानुवर्षं तेच करत होतो, जाता जाता, पाच मिनिटांत. मला त्यात काही खटकलं नाही.

गुरुवार होता. कारखान्यात मेनूबद्दल बोलायचं होतं, म्हणून मीही गाडीत होते. पुऱ्या तळणाऱ्या आमच्या बाई मागे सामानाबरोबर बसल्या होत्या. वय माझ्याएवढं, तोंड माझ्यापेक्षा जास्त चालतं. माणकोलीच्या पुढे हायवेवरच्या पंपावर रांगेत लागलो. नंबर आला. नियमाप्रमाणे सगळे खाली उतरलो. पंपावरचा माणूस नळी लावायला मागे आला आणि ताडपत्री जराशी सरकलेली बघून थांबला.

"हे काय?"

"सिलिंडर," बाई म्हणाल्या.

"दिसतंय ते. भरलेला?"

"रिकामा घेऊन काय करू? पुऱ्या तळायच्यात."

"पुऱ्या? इथे?"

"इथे कशाला तळू? वागळेला तळणार. तुम्हाला हव्या असतील तर या तिकडे."

त्याने नळी परत अडकवली. "गाडी बाहेर घ्या. स्वयंपाकाचा सिलिंडर घेऊन आत यायचं नाही. सुरक्षेचा प्रश्न आहे."

मी त्याला समजावायला गेले. शेगडी बंद आहे, कॉक बंद आहे, वरून टोपी लावलेली आहे. तो म्हणाला, "काकी, तुमचं सगळं बंद असेल, माझी नोकरीपण बंद होईल." मागच्या रिक्षावाल्यांनी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. आम्ही बाहेर आलो. आमचा नंबर गेला.

या गाडीचा मी इतका विचार केला होता. रांग, प्रेशर, चढण, टोप, काजळीची जाळी. दर गुरुवारी आपल्या गाडीत एक भरलेला सिलिंडर असतो आणि ही गाडी पंपात शिरू शकत नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही. नवऱ्याच्या आणि दिरांच्याही नाही. आणि मतदान केलेल्या त्या सगळ्या अनुभवी लोकांच्याही नाही.

टाकीत जे होतं त्यावर वागळेपर्यंत जाता आलं नसतं. म्हणून सिलिंडर आणि शेगडी पंपाच्या बाहेर रस्त्याकडेला उतरवली. बाई गाडीबरोबर गेल्या, कारण टोपांवर कुणीतरी पाहिजे होतं. दीर पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन लागले आणि मी सिलिंडरजवळ उभी राहिले. पाय दुखायला लागले तेव्हा त्यावर बसले. कारखान्याच्या अधिकाऱ्यांना फोन करून सांगितलं की, उशीर होतोय. ते फक्त "ठीक आहे" म्हणाले. त्यांनी ओरडायला हवं होतं. ते 'ठीक आहे' मला अजून ऐकू येतं.

एक स्कूटरवाला माझ्यासमोर थांबला.

"काकी, भरलेला आहे का?"

"आहे."

"देता का? आमचा सकाळीच संपला."

मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही.

कारखान्यात पोचलो तेव्हा लोक ताटं घेऊन बसलेले. भात, डाळ, भाजी लगेच वाढली, पुऱ्या तळायला वेळ लागला. अधिकारी स्वतः खाली आले आणि सिलिंडर उतरवताना बघत राहिले.

"मॅडम, हा दर गुरुवारी आत येतो?"

"हो."

"मला वाटायचं पुऱ्या तुमच्याकडून तळून येतात."

"मग इतक्या गरम कशा असत्या, सर?"

"मला वाटलं, तुमचे डबे चांगले असतील."

त्यांनी निर्णय जागेवरच दिला. सिलिंडर आजपासून गेटच्या आत येणार नाही. ऑर्डर या महिनाअखेरपर्यंत चालू राहील, त्यानंतर ते विचार करतील. "गुरुवारी काहीतरी वेगळं द्या," म्हणाले, "पण इथे काही पेटवायचं नाही. आणि वेळेत."

रात्री नवरा म्हणाला, "डिझेल असती तर सरळ पुढे गेली असती." एवढ्यापुरतं त्याचं खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला.

पहिलं काम वेळेचं. दुसऱ्याच दिवसापासून दीर पहाटे रिकामी गाडी घेऊन पंपावर जायला लागले, सामान चढायच्या आधी. त्या वेळी रांग नसते आणि प्रेशरही असतं. ते कुरकुरले, पण गेले. उशीर थांबला.

दुसरं काम गुरुवारचं, ते जास्त अवघड. पुऱ्या गाळ्यात तळून, चाळणीत पसरून, कागदात गुंडाळून, सगळ्या प्रकारांनी मी बघितल्या. माणकोलीच्या पुलापर्यंतच त्या मऊ पडतात. कचोरी करून बघितली, ती कोलशेतच्या ऑफिसवाल्यांना आवडली, पण ती जेवण म्हणून चालत नाही. लोक दिवसभर उभ्याने काम करतात, त्यांना पोटभर लागतं. शेवटी विचार केला की, जे बंद डब्यात ठेवल्यावर बिघडण्याऐवजी मऊ होतं असं काय आहे? तांदळाची भाकरी. कापडात गुंडाळून हॉटबॉक्समध्ये ठेवली की ती दुपारपर्यंत लुसलुशीत राहते. सोबत काळ्या वाटाण्याची उसळ, वाटप भाजून, झणझणीत.

त्या गुरुवारी मी मुद्दाम गेले. ताटात भाकरी बघून एका वयस्कर कामगाराने ती दोन बोटांनी उचलली.

"ताई, पुरी कुठाय?"

"पुरी आता गाडीला चालत नाही, दादा."

"का? गाडीचा गुरुवार असतो?"

सगळी पंगत हसली. मला हसू आलं नाही, मी त्याच्या ताटाकडे बघत होते. त्याने भाकरीचा तुकडा उसळीत बुडवला आणि खाल्ला. थोड्या वेळाने वाढणाऱ्याला हात केला आणि आणखी एक मागितली. मग शेजारच्याने मागितली. हॉटबॉक्स सुट्टी संपायच्या आधी रिकामे झाले आणि शेवटच्या रांगेला भातावर भागवावं लागलं. त्यावरून तिथे भांडण झालं. मी इतक्या समाधानाने कुठलं भांडण ऐकलं नव्हतं.

महिनाअखेरीला अधिकाऱ्यांचा फोन आला. मी उभी राहिले.

"मॅडम, ऑर्डर पुढे चालू ठेवतोय. गुरुवारची भाकरी बंद करू नका. आणि लोक विचारतायत, मंगळवारीही जमेल का?"

"जमेल," मी लगेच म्हटलं. असं लगेच म्हणायचं नसतं.

स्वयंपाकघरात सांगितलं तेव्हा चौघी परातींपुढे बसल्या होत्या, हात कोपरापर्यंत पिठाचे. एवढ्या लोकांच्या भाकऱ्या एका गुरुवारी थापून त्यांची मनगटं दुसऱ्या दिवशी वळत नव्हती. पुऱ्या तळणाऱ्या बाईंनी थापायचं थांबवलं.

"म्हणजे गाडी तुम्ही घेतलीत," त्या म्हणाल्या, "आणि हात मोडायचे आमचे."

"आणखी एक बाई बघू या आपण."

"बघू या काय? उद्या घेऊन येते. माझी जाऊ आहे. भाकरी माझ्यापेक्षा पातळ थापते, पण तसं तिच्यासमोर म्हणू नका."